सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो, मग मृत मेंदूच्या तुकड्याचं सिक्वेन्सिंग करून (म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून) काय कळतं? (एमएस्सीची विद्यार्थिनी आहे, हा विषय घेऊ का?)

शंका रास्त आहे. डीएनए गालाच्या आतून घेतला काय आणि मेंदूतून घेतला काय, अक्षरं जवळजवळ तीच. पण आम्ही अक्षरांसाठी मेंदूकडे जातच नाही. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि ज्या पेशीला जो भाग लागतो तेवढाच तिथे सैल सोडलेला असतो. आम्हाला बघायचा असतो तो हा सैल भाग.

त्यासाठी २०१३ साली स्टॅनफर्डमध्ये निघालेली अटॅक-सेक ही पद्धत मला सगळ्यात आवडते. टीएन५ नावाचं एन्झाइम घट्ट गुंडाळीत शिरू शकत नाही. सैल जागी ते डीएनए कापतं आणि कापता कापताच टोकांना सिक्वेन्सिंगसाठी लागणारे तुकडे जोडून देतं. मग असे कोट्यवधी तुकडे वाचायचे आणि जीनोमवर कुठे ढीग साचतो ते बघायचं.

खरी मेहनत मात्र मशिनच्या आधीची. गोठवलेल्या मेंदूतून अख्खा न्यूरॉन सुटा निघत नाही, त्याचे लांब फाटे तुटतात. केंद्रकं (पेशीतला डीएनए असलेला गाभा) मात्र टिकतात. म्हणून बर्फात ठेवलेल्या काचेच्या नळीत काचेचाच दट्ट्या फिरवून ऊती हलक्या हाताने घुसळायची. हात जड पडला की केंद्रकं फुटतात, आणि नीट धुतली नाहीत की मायटोकॉन्ड्रियाचा रिळांवर न गुंडाळलेला, उघडावाघडा डीएनए निम्मे रीड्स (वाचलेले तुकडे) खाऊन टाकतो. (माझ्या पहिल्या दोन लायब्रऱ्या, म्हणजे मशिनसाठी तयार केलेले नमुने, अशाच गेल्या.)

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. अल्झायमरच्या नमुन्यांतला आरएनए (चालू जनुकांवरून निघणारी नक्कल) वाचला, तर न्यूरॉनची कितीतरी जनुकं मंदावलेली दिसली. मी हुरळून गेले. गाईडनी शांतपणे विचारलं, "अगं, त्या तुकड्यात न्यूरॉन उरलेत किती?" न्यूरॉन मेले होते, उरलेल्यांची जनुकं कदाचित ठणठणीत होती! अख्खा तुकडा एकत्र दळला की हा फरक दिसत नाही. म्हणून आता न्यूएन या प्रथिनावरून न्यूरॉनची केंद्रकं वेगळी काढतात किंवा एकेका केंद्रकाचं सिक्वेन्सिंग करतात.

वेगळं काढल्याने काय साधतं, त्याला बिन-१ हे जनुक उत्तम उदाहरण. त्याच्याजवळचा डीएनएमधला एक फरक अल्झायमरचा धोका वाढवतो, पण तो जनुकात नाही, बाहेर आहे. २०१९ साली सॅन डिएगोच्या गटाने माणसाच्या मेंदूतली केंद्रकं प्रकारवार वेगळी केली, तर ती जागा मायक्रोग्लियातच कार्यरत असलेला एन्हान्सर (बाहेरून जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा भाग) निघाली. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारपेशी, एकूण पेशींत थोड्याच. मग मूळपेशींपासून बनवलेल्या पेशींत क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने तो एन्हान्सर काढून टाकला. मायक्रोग्लियात बिन-१ घटलं, न्यूरॉनमध्ये ढिम्म फरक नाही. आजार न्यूरॉन मरण्याचा, पण धोक्याचं हे बटण शेजारच्या पेशीत!

'मृत' मेंदूत मोजलेलं जिवंतपणीचं असतं का, ही शंकाही रास्त आहे. शिकागोच्या एका गटाने शस्त्रक्रियेत निघालेली मेंदूची ताजी ऊती मुद्दाम बाहेर ठेवून ठरावीक तासांनी आरएनए मोजला (२०२१). न्यूरॉनच्या सक्रियतेशी जोडलेली जनुकं काही तासांत विझू लागली, आणि ग्लियाची (न्यूरॉनभोवतीच्या आधारपेशींची) उलट बारा तासांपर्यंत वाढत गेली. म्हणून मृत्यू ते फ्रीझर हा वेळ रुग्ण आणि निरोगी, दोन्ही नमुन्यांत सारखा नसेल तर निष्कर्षावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्समध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे. नातेवाइकांच्या संमतीने आलेलं ते दान, त्यामुळे एकेक ग्रॅम जपून वापरायचा असतो.

विषय घ्या की नको, हे आत्ता ठरवू नका. आधी यूसीएससी जीनोम ब्राउझर हा जीनोमचा ऑनलाइन नकाशा उघडा, फुकट आहे. बिन-१ शोधा. एन्हान्सरची खूण दाखवणारा एक रंगीत पट्टा दिसेल, सात प्रकारच्या पेशींचा. त्या सातांची नावं वाचा. मेंदूची त्यात एकही नाही.