एकट्याने किंवा गटात चांगले निर्णय घेण्यासाठी कोणती तंत्रं खरंच उपयोगी पडतात?

फायदे-तोट्यांचे दोन रकाने आखून काही होत नाही. जे मनात असतं त्याच रकान्यात मुद्दे वाढतात.

गटाचं सांगते. आमची सोळा फ्लॅटची सोसायटी, गच्ची गळत होती. पार्किंगमध्ये मीटिंग. चेअरमन निवृत्त इंजिनिअर, सुरुवातच त्यांनी केली, "केमिकल कोटिंग पुरेसं आहे. कुणाची हरकत?" इंजिनिअरसमोर कोण बोलणार! मी तोंड उघडणार तोवर नवऱ्याने कोपर दाबलं. घरी आल्यावर, "रोज तोंड बघायचंय त्यांचं, कशाला वाईटपणा घेतेस?" पावणेदोन लाख गेले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावर पुन्हा बादल्या लागल्या.

पुढच्या मीटिंगला मी लेकीच्या वहीची मागची पानं फाडून नेली. म्हटलं, आधी लिहायचं, मग बोलायचं. नाव नको. दोन प्रश्न: काय करावं? आणि समजा, काम करूनही दोन वर्षांनी पुन्हा गळतंय, तर कारण काय असेल? (हा दुसरा प्रश्न माझा नाही. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची 'प्री-मॉर्टेम' पद्धत आहे, 2007 च्या एका लेखातली. 'काही अडचण येईल का?' विचारलं की माणसं माना हलवतात. 'फसलंय, का फसलं?' विचारलं की डोकं चालतं.)

डब्यातून सोळा चिठ्ठ्या निघाल्या. अकरा जणांना जुना कोबा काढून नवा घालायचा होता. एका चिठ्ठीत एवढंच: "पावसाळी पाइपच्या तोंडात कबुतराचं घरटं आहे. पाणी तुंबतं." मीटिंगला कोपऱ्यात बसून वाती वळणाऱ्या काकूंची ती, नंतर त्यांनीच सांगितलं. रोज गच्चीवर पापड-सांडगे घालायला त्याच जातात. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

एकट्याने ठरवायचं असेल तर निर्णय आणि त्यामागचं कारण तारीख टाकून लिहून ठेवा, सहा महिन्यांनी वाचा. 'मला तेव्हाच वाटलं होतं' ही थाप आपण स्वतःलाही मारतो.

आणि हो, आग लागल्यावर चिठ्ठ्या वाटू नका. शिवाय लहान गटात अक्षर ओळखू येतं. आमच्या अकरांपैकी एका चिठ्ठीवर हिरव्या पेनाने लिहिलं होतं, "कोबा काढा, कोटिंग फुकट आहे हे पहिल्यापासून माहीत होतं." हिरवं पेन आमच्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस वापरतो, आणि कोपर त्यानेच दाबलं होतं.