साने गुरुजींची ‘साधना’ डावी कशी?

प्रश्न : ‘श्यामची आई’ वाचून आमची पिढी मोठी झाली. त्याच साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाला डाव्या विचारांचे नियतकालिक म्हणतात, याचा मेळ कसा घालायचा? ते एखाद्या पक्षाचे मुखपत्र होते काय? नव्या वाचकाने आधी काय वाचावे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : हा मेळ आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला बसलेला आहे. १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत. छापखाना नाही, वर्गणी नाही, वाचक म्हणजे डोळ्यांसमोर वावरणारी मुले. १९३८ मध्ये त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले आणि अतिवृष्टीने खानदेशातील पिके गेली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून लेखणी झिजवली. अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठीही ते झटले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले. आईच्या आठवणी लिहिणारा हात आणि हा हात एकच होता, असे मला मनापासून वाटते.

मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुंबईत ‘साधना’चा पहिला अंक निघाला. गुरुजी आणि त्यांचे सहकारी समाजवादी होते, त्यामुळे या साप्ताहिकाला डावे म्हणणे योग्यच आहे. मात्र ते लोकशाही मार्गाने जाणारे डावेपण होते, एकपक्षीय सत्तेचा रस्ता त्यांना मान्य नव्हता.

गुरुजींचे ११ जून १९५० रोजी निधन झाले, तेव्हा अंकाला दोन वर्षेही पुरी झालेली नव्हती. संपादकाच्या नावावर उभे असलेले पत्र बहुधा अशा वेळी मिटते. येथे आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी धुरा खांद्यावर घेतली, आणि त्यांच्यानंतर यदुनाथ थत्ते यांनी दीर्घकाळ ती वाहिली. थत्ते यांच्या कारकिर्दीत आणीबाणी आली, लेखन छापण्याआधी सरकारला दाखवण्याची सक्ती झाली, आणि तरीही ‘साधना’ने उघड विरोधाची भूमिका घेतली. पुढे वसंत बापट आणि ग. प्र. प्रधान यांनीही संपादन केले. त्यांतले प्रधान आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात होते.

आता मुखपत्राचा मुद्दा. पक्षाशी नाते होते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु समाजवादी पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले, १९७७ मध्ये जनता पक्षात विलीनही झाले, आणि ‘साधना’ मात्र निघतच राहिली, कारण ती एका ट्रस्टच्या हाती होती आणि तिचा वाचक निवडणुकीच्या निकालाबरोबर बदलणारा नव्हता.

१९९८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर संपादक झाले. मुलांसाठी त्यांनी काढलेले स्वस्त दिवाळी अंक शाळाशाळांतून लाखोंच्या संख्येने गेले; वसतिगृहातल्या त्या हस्तलिखिताचे हे मला खरे वारस वाटतात. साताऱ्याला राहणारे डॉक्टर अंकाच्या कामासाठी नेमाने पुण्यात येत असत. मंगळवार, २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेले असता ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. याची चीड आजही येते, आणि यावी. अंक बंद पडला नाही. विनोद शिरसाठ यांनी संपादन हाती घेतले.

आपला शेवटचा प्रश्न सोपा आहे. पुतणी सुधा हिला गुरुजींनी ‘साधना’तून लिहिलेली पत्रे आधी वाचावीत, ती ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपात मिळतात. पाऊस, पाखरे, फुले यांविषयी बोलता बोलता ते त्याच पत्रात देशाच्या घडामोडींवर येतात, आणि घरातल्या लहान मुलीला जे सांगता येणार नाही, ते राजकारणाच्या नावाखालीही लिहीत नाहीत.