प्रारूपाआधीचा कोरा नकाशा

प्रश्न : मी जमीनवापर आराखडा तयार करणाऱ्या गटात काम करतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर आम्ही हरकती मागवतो, सुनावणीही घेतो; परंतु लोक एकतर फिरकत नाहीत किंवा केवळ विरोध नोंदवायला येतात. अशा तांत्रिक विषयात स्थानिकांच्या सहभागातून नेमके काय साधते?

उत्तर : ‘प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर’ या आपल्याच शब्दांत दुखणे आहे, असे मला वाटते. रस्ता कोठून जाणार आणि कोणती जमीन बांधकामाला खुली होणार हे आधीच ठरले असेल, तर आलेल्या माणसाच्या हाती हरकतीखेरीज काय उरते? पर्यावरणविषयक निर्णयांतील लोकसहभागासंबंधीच्या १९९८ च्या आरहूस करारात, सर्व पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्यावे, अशी स्पष्ट अट आहे. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तीत नुसते मत विचारणे खालून चौथ्या पायरीवर येते आणि त्याची गणना त्यांनी देखाव्यातच केली आहे.

तांत्रिकतेविषयी म्हणाल, तर मोजणीचा नकाशा जमिनीची हद्द सांगतो, तिचा वापर सांगतोच असे नाही. दप्तरी ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या तुकड्यावर वर्षातले काही महिने गुरे चरत असतात, तेथूनच सरपण येते, आणि पुराचे पाणी कोणत्या बांधापर्यंत चढले होते, हे तेथील म्हातारी माणसे बोट ठेवून दाखवतात. सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल गावाचा दाखला दिला आहे. हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडाव्यात, हा नियम त्या गावाने १५१७ मध्ये केला होता. कुरणावरचा भार बांधून देणारा इतका सुटसुटीत नियम बाहेरच्या तज्ज्ञाला सुचला असता का, याविषयी मी साशंक आहे.

अर्थात ‘स्थानिक लोक’ म्हणजे एकच आवाज नव्हे. सभेत जमीनमालक बोलतात. कसणारे, चारणारे आणि बहुतेक स्त्रिया गप्प राहतात, कारण त्या जमिनीवर त्यांचे नाव नसते आणि सभेची वेळही कामाचीच असते. त्यांच्यासाठी वेगळ्या, लहान बैठका त्यांच्या सोयीच्या वेळी घ्याव्या लागतील. त्यात वेळ जाईल, हे मान्य. पण नंतरच्या दाव्यांत जातो त्याहून तो बहुधा कमीच असतो.

पुढच्या खेपेस प्रारूपाऐवजी केवळ रस्ते, ओढे आणि घरे दाखवलेला नकाशा घेऊन जा व उरलेले लोकांना भरू द्या. प्रारूप निघाले की प्रत्येक सूचनेसमोर ती स्वीकारली की नाकारली आणि का, हे लिहून तो तक्ता सर्वांना दिसेल असा लावा. नाकारलेल्या सूचनांची कारणे लिहिताना आपल्याच गटात वाद होतील. ते होऊ द्यावेत.