कुर्ल्या पकडायची बॅटरी (टॉर्च) मिणमिणते? आधी चुडी बघा

नवा सेल घेण्याआधी मागचं झाकण उघडा आणि चुडी, म्हणजे झाकण फिरतं ते आटे, बघा. किनाऱ्यावर पुष्कळ बॅटऱ्या सेलने नाही, खाऱ्या हवेने मरतात. चुडीवर पांढरी पूड दिसली तर ॲल्युमिनियम खाल्लंय, स्प्रिंगवर हिरवं दिसलं तर तांबं-पितळ. कानकाडी (कान पुसायची कापसाची काडी) स्पिरिटमध्ये बुडवून दोन्ही पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. झाकणाची कडही पुसा, करंट तिथूनच जातो.

झाकणाची रबरी रिंग चपटी झाली असेल किंवा चिरली असेल तर बदला. तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. खोबरेल नको, ते वाळू धरतं आणि ती वाळू चुडी घासते.

आता सेल. १८६५० हा लिथियमचा सेल, म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) २.५ व्होल्टच्या खाली दिसला तर परत चार्ज करू नका. ९९०० एमएएच (सेल किती वीज साठवतो त्याचं माप) छापलेला सेल तर उचलूच नका. या आकारात बहुतेक खरे सेल साधारण ३५०० पर्यंतच. सेलवरचं प्लास्टिक फाटलं असेल तर बॅटरीच्या धातूच्या नळीत शॉर्ट होतो, आणि लिथियमचा शॉर्ट म्हणजे आग. फुगलेला, खाऱ्या पाण्यात भिजलेला सेलही बाद. तो कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बॅटरी समुद्रात पडली? सेल काढा, नळी गोड्या पाण्याने धुवा, उघडीच वाळवा.