वाचक विचारतात : वॉल्टनचे 'बेलशाझर्स फीस्ट' कसे ऐकावे?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे विल्यम वॉल्टनच्या या इंग्रजी समूहगान-रचनेच्या ध्वनिमुद्रणांबद्दल आहेत. रचना साधारण 35 मिनिटांची आहे. कथा बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातली : बाबेलचा राजा बेलशस्सर (इंग्रजीत बेलशाझर) याची मेजवानी आणि भिंतीवर उमटलेली अक्षरे.

प्रश्न : सुरुवातीला काहीच ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला. पुढे समूहगान सुरू झाले आणि कान किटले. माझी सीडी सदोष आहे का?

नाही. रचनाच अशी आहे. बीबीसीने मूळ मागणी केली होती ती छोटा गायकसमूह, एक गायक आणि जेमतेम पंधरा वादक एवढ्यांसाठी. इंग्लंडमधल्या लीड्स महोत्सवात 8 ऑक्टोबर 1931 रोजी माल्कम सार्जंट यांच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा सादर झाली, तोवर तिला दुहेरी गायकसमूह, मोठा वाद्यवृंद, ऑर्गन आणि शिवाय पितळी वाद्यांचे दोन स्वतंत्र ताफे जोडले गेले होते. प्रत्येक ताफ्यात तीन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा. त्याच महोत्सवात फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या 'रेक्विएम' या भव्य समूहगान-रचनेसाठी जास्तीचे पितळी वादक आलेलेच होते, त्यामुळे ही चैन परवडली.

या साऱ्याची सुरुवात मात्र ट्रॉम्बोनच्या एका स्वराने आणि वाद्यांच्या साथीविना गाणाऱ्या पुरुष-आवाजांनी होते. म्हणून आवाज सुरुवातीवर कधीच ठरवू नका. आधी थेट 'प्रेझ यी द गॉड ऑफ गोल्ड' (सोन्याच्या देवाची स्तुती करा) हा भाग लावा, तो भरदार वाटेल पण त्रास होणार नाही इतपत बटण फिरवा आणि मग हात न लावता पहिल्यापासून ऐका. सुरुवात दबकी वाटेल. ती तशीच हवी. खोलीतला पंखा तेवढा बंद करा.

स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ऐकत असाल तर दोन गोष्टी तपासा. आवाज सारखा करण्याची सोय चालू असेल आणि ती ट्रॅकनिहाय काम करत असेल, तर हळू भाग वर उचलले जातात आणि सगळा चढउतार सपाट होतो. ती बंद करा, निदान अल्बमनिहाय ठेवा. दुसरे म्हणजे क्रॉसफेड, म्हणजे दोन ट्रॅक एकमेकांत मिसळण्याची सोय. रचना जवळजवळ अखंड चालते, पण ध्वनिमुद्रणात तिचे आठ-दहा ट्रॅक पाडलेले असतात. क्रॉसफेड चालू असला की एका भागाचा शेवट पुढच्यावर चढतो. एमपी3 फायलींमध्ये उलटा त्रास : दर ट्रॅकच्या टोकाला किंचित पोकळ जागा राहते आणि गाणे मध्येच अडखळते. फ्लॅक (ध्वनीत काटछाट न करणाऱ्या) फायली आणि गॅपलेस, म्हणजे ट्रॅकमध्ये खंड न पाडता, वाजवणारा प्लेअर वापरलात की हा प्रश्न सुटतो.

प्रश्न : इंग्रजी चांगले येते, तरी शब्द कळत नाहीत. असे का?

दोन गायकसमूह मिळून आठ-आठ ओळी एकाच वेळी गातात, आणि त्या सगळ्यांत तोच शब्द त्याच क्षणी येतो असे नाही. त्यात दालनाचा घुमारा मिसळला की व्यंजने आधी बुडतात आणि नुसते स्वर तरंगत राहतात. संहिता समोर ठेवा. ऑस्बर्ट सिटवेल यांनी ती बायबलमधूनच वेचली आहे, तेव्हा मराठी बायबल हाताशी असले तरी भागते : यशयाची भविष्यवाणी, स्तोत्र 137, दानीएलचा पाचवा अध्याय, प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय आणि स्तोत्र 81.

वाट साधारण अशी आहे. यशयाच्या इशाऱ्यानंतर बाबेलच्या नद्यांकाठचा बंदिवान यहुद्यांचा विलाप येतो. दहाव्या मिनिटाच्या आसपास एकटा बॅरिटोन (मध्यम खर्जाचा पुरुष-गायक), कोणत्याही साथीविना, बाबेलच्या व्यापाराची यादी म्हणतो : सोने, रुपे, मोती... आणि शेवटी माणसांचे जीव. ही यादी तो कशी म्हणतो यावर गायक पारखावा. नुसता मोठा आवाज इथे उघडा पडतो.

मग मेजवानी. एकेका देवाची स्तुती होते आणि त्या त्या धातूला वा पदार्थाला त्याचे वाद्य मिळते. लोखंडाच्या देवाला खरी ऐरण, लाकडाच्या देवाला लाकडी वाद्यांचा खडखडाट, दगडाच्या देवाला चाबकासारखा फटकारा आणि पितळेच्या देवाला अर्थातच ते ताफे. 'गोल्ड' या शब्दापाशी आपण 1930 च्या मे ते डिसेंबर अडकून पडलो होतो, असे वॉल्टनने सांगून ठेवले आहे. तो शब्द ऐकताना हे ध्यानात असू द्या.

सगळ्यात जपून ऐकण्याची जागा त्यानंतरची. वाद्यवृंद एकदम रिकामा होतो; झांजा, घंटा, कॅस्टनेट यांची थरथर तेवढी उरते आणि बॅरिटोन भिंतीवरची अक्षरे वाचतो : मने, मने, तकेल, उफारसीन. त्याच रात्री राजा मारला गेला, असे तो सांगतो, आणि गायकसमूह 'स्लेन' (मारला गेला) हा एकच शब्द गात नाही, ओरडतो. साऱ्यांचे तोंड एका क्षणी उघडले नाही तर ती आरोळी फिसकटते. चांगल्या ध्वनिमुद्रणात ती कडक, एकसंध येते आणि तिच्यामागे दालनाचा घुमारा विरताना ऐकू येतो.

प्रश्न : कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे?

एकच घ्यायचे तर आंद्रे प्रेविन यांचे 1972 चे, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे. बॅरिटोन जॉन शर्ली-क्वर्क शब्द स्वच्छ टाकतात, समूह चपळ आहे आणि लय कुठे लोंबकळत नाही.

खुद्द वॉल्टनच्या संचालनाखालची दोन आहेत. 1943 चे हडर्सफील्ड कोरल सोसायटी आणि लिव्हरपूल फिलहार्मोनिक यांचे. त्यात पहिल्या प्रयोगातलेच बॅरिटोन डेनिस नोबल आहेत. ते मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर निघाले. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत, म्हणून रचना तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाली. आजच्या प्रतीत सांधे ओळखायचे असतील तर मागच्या खरखरीकडे कान द्या. ती जिथे एकदम बदलते तिथे बाजू बदलली. दुसरे 1959 चे स्टिरिओ, फिलहार्मोनिया आणि डोनाल्ड बेल यांचे. 1943 च्या गायनातली धग मोठी आहे, पण पितळी ताफ्यांची मांडणी त्यातल्या मोनोत (एकाच वाहिनीच्या ध्वनीत) कळणारच नाही. पहिली ओळख 1959 ने करा, 1943 नंतर ऐका.

अँड्र्यू लिटन यांचे ध्वनिमुद्रण विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये झाले आणि त्यात ब्रिन टर्फेल आहेत. गायक जबरदस्त आहे, घुमाराही. आरोळीनंतरची शांतता तिथे भव्य वाटते; मेजवानीच्या धावत्या लयीत मात्र तोच घुमारा शब्द खातो. संहिता पाठ झाली की मगच हे घ्यावे.

प्रश्न : शोधले की हेंडेलचे नाव येते. ही तीच रचना का?

नाही. हेंडेलचे 'बेलशाझर' 1745 चे आहे, चार्ल्स जेनन्स यांच्या संहितेवरचे, अनेक पात्रांचे आणि कितीतरी लांब. शोधताना वॉल्टनचे नाव आणि 'फीस्ट' हा शब्द दोन्ही टाका.

प्रश्न : एलपीवर शेवटचे 'अलेलुया' चरचरते. तबकडी गेली का?

लगेच तसे समजू नका. एलपीच्या मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खोबण सरकते, आतल्या टोकाला सुमारे 21. तेवढ्याच वेळाचा मजकूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, आणि बाजूच्या अखेरीस समूहगानाचा कळस आला की सुईची खरी परीक्षा होते.

आधी सुई कोरड्या ब्रशने मागून पुढे साफ करा. मग सुईचा तबकडीवर पडणारा भार तपासा. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कंपनीने दिलेल्या मर्यादेत तो वरच्या बाजूला ठेवा. भार कमी ठेवल्याने तबकडी वाचते ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंती खरवडते. शेवटी प्रोट्रॅक्टरवर (कोन मोजायच्या आखीव पट्टीवर) कार्ट्रिजचा कोन जुळवा. प्रचलित बेअरवाल्ड मांडणीत मध्यापासून 66.0 आणि 120.9 मि.मी. या दोन ठिकाणी कार्ट्रिज रेषेला समांतर हवी. एवढे करूनही फक्त एकाच कानात चरचर राहिली, तर आधी अँटी-स्केटिंग (सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) बदलून पाहा. तरीही फरक पडला नाही आणि दुसऱ्या तबकड्यांचे शेवट स्वच्छ वाजत असतील, तर ही खोबण आधीच्या कुणाच्या झिजलेल्या सुईने कापली गेली आहे. दुसरी प्रत शोधा.