‘मिशन इम्पॉसिबल’चा आठवा भाग बघण्यासारखा आहे का? त्यातला पाणबुडीचा भाग रटाळ आहे म्हणतात, ते खरं का?

तुम्ही विचारलंय की ‘द फायनल रेकनिंग’ची जमेची बाजू कुठली, लंगडी बाजू कुठली आणि पावणेतीन तास घालवावेत का. इथवर ठीक. पण पुढे लिहिलंय, मित्राच्या मते पाणबुडीचा भाग रटाळ आहे कारण पंधरा-वीस मिनिटं कुणी तोंडच उघडत नाही. त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलोय.

मी मालवणात स्कूबाचा गाईड आहे, यंदा दहावा सीझन. पाण्याखाली कुणी तोंड उघडत नाही, कारण तोंडात रेग्युलेटर असतो, सिलिंडरमधली हवा देणारा. ऑक्टोबर ते मे माझा अर्धा दिवस न बोलता जातो. इतक्या वर्षांत मोठ्या पडद्यावर पाण्याखालचं जे काही बघितलं त्यात एक तर संगीत ढणढणत असतं, नाहीतर हिरो मनातल्या मनात भाषण करत असतो. इथे तसं फारसं नाही.

बेरिंग समुद्राच्या तळाशी ‘सेवास्तोपोल’ नावाची रशियन पाणबुडी पडलेली आहे, तिच्यात त्या माथेफिरू एआयचा मूळ कोड आहे आणि तो आणायला हिरो ईथन, म्हणजे टॉम क्रूझ, एकटा खाली उतरतो. पाणबुडी उतारावर कशीबशी टेकलेली. आत काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी हवा. हा एका खोलीतून दुसरीत गेला की पाणी सरकतं, भार बदलतो आणि अख्खी पाणबुडी कूस बदलते. मग टॉर्पेडो रॅकमधून सुटून गडगडायला लागतात. कानात राहतं ते पत्र्याचं करकरणं आणि याचा श्वास. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने येतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने आला हे कानाला कळत नाही. डोक्यावरून बोट गेली तर मीसुद्धा आधी वर बघतो, मग चारी बाजूंना. त्या थिएटरात करकर नेमकी तशीच चारी बाजूंनी येत होती. हे ज्याने केलं त्याला पाणी माहीत आहे. एकच खटकलं. मास्कच्या आत दिवे लावलेत, हिरोचा चेहरा दिसावा म्हणून. खऱ्या डायव्हरला आतल्या उजेडात स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल, बाहेरचं काही नाही. पण ते चालतं, चेहरा दिसला नाही तर बघणाऱ्याला भीती कशी कळणार?

आता लंगडी बाजू. पहिला तास. जुन्या भागांचे तुकडे दाखवून दाखवून जीव नकोसा करतात आणि प्रत्येक जण ईथनला सांगतो की जग आता तूच वाचवू शकतोस. 2006 च्या तिसऱ्या भागात ‘रॅबिट्स फूट’ म्हणजे काय ते शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं, तीच त्याची गंमत होती. इथे ओढूनताणून ते याच एआयशी नेऊन बांधलंय. ईथनच्या मागावर असलेला ब्रिग्ज हा पहिल्या भागातल्या दगाबाज फेल्प्सचा मुलगा निघतो, त्याचाही पुढे काही उपयोग नाही. गेब्रियल हा खलनायक मला दोन्ही भागांत पोकळच वाटला. उलट 1996 च्या भागात ज्याच्या तिजोरीतून ईथन दोरीला लटकून हेरांची यादी चोरतो तो डनलो एवढ्या वर्षांनी परत आणलाय, ते मात्र फार सुंदर जमलंय. त्या चोरीपायी बिचाऱ्याला कुठल्या कुठे फेकून दिलेलं असतं आणि त्याच्या मनात राग नाही. असं एक माणूस परत आणायचं सोडून दहा गोष्टी परत आणल्या, हा या भागाचा दोष. शेवटची दोन जुन्या विमानांची मारामारी तर बघाच. बासष्ट वर्षांचा माणूस पंखावर लोंबकळतोय आणि वाऱ्याने गालाची कातडी मागे ओढली जातेय. तिथेही बोलणं जवळजवळ नाही. म्हणजे हा सिनेमा गप्प असतो तेव्हा उत्तम आणि बोलायला लागला की पडतो.

हा सिनेमा मी पणजीला बघितला. 17 मे 2025 ला तो आपल्याकडे लागला आणि दोन-तीन दिवसांत समुद्र खवळला. त्या वर्षी मोसमी पाऊस 25 तारखेलाच देवगडात येऊन थडकला, त्याच्या आधीपासूनच आमच्या बोटी वर काढलेल्या. काम नाही म्हणून मी आणि माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, गाडी काढून बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून गेलो. दादा आमची बोट चालवतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, समुद्रातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण पाण्यावरचं. पाण्याखाली तो कधी उतरलेला नाही.

सिनेमात ईथन पाणबुडीत अडकतो, सूट काढून टाकतो आणि टॉर्पेडोच्या नळीतून उघड्या अंगाने बाहेर पडून वर सुटतो. बर्फाखाली येईपर्यंत बेशुद्ध. दादाने तिथेच माझ्या मांडीवर थाप मारली. “बघ! तो इतक्या खोलातसून वर इलो, काय झाला तेका? आणि तू त्या गिरायकाक धरून ठेवलंस.”

तर ते गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वीची डिसेंबरची गोष्ट. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांवर सात मीटर पाणी, बाबांच्या भाषेत चार वाव. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस स्वतः पोहत नाही, आम्हीच मागून त्याच्या सिलिंडरला धरून फिरवतो. हा पस्तिशीचा, तब्येतीने दणकट, बोटीवर मुलाला हसून हात करून उतरलेला. खाली पाच मिनिटं छान गेली. मग मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, त्याने सवयीने नाकाने श्वास ओढला आणि ते पाणी नाकात गेलं. पुढचं तीन सेकंदांत झालं. रेग्युलेटर थुंकला, अंगठा वर केला आणि पाय झाडायला लागला. अंगठा वर म्हणजे पाण्याखाली ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. तो खूण विसरला नव्हता, म्हणजे डोकं अजून ठिकाणावर होतं. मी डाव्या हाताने सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट धरला, उजव्या हाताने रेग्युलेटर त्याच्या तोंडात बसवून त्यावरचं बटण दाबलं. हवेचा फवारा आत गेला, पाणी बाहेर. त्याने माझं मनगट नखांनी ओरबाडलं, रक्त आलं, ते खाली हिरवट दिसतं. दोन श्वास घेतले त्याने. मग त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरून, श्वास सोड, श्वास सोड, असं हाताने दाखवत हळूहळू वर आणलं. पाऊण मिनिट लागलं असेल.

बोटीवर आल्यावर तो ओरडला, “हा मला बुडवत होता!” बायको रडायला लागली, मुलगा बापाला चिकटला. आमच्या मालकाने पैसे परत दिले आणि माझ्यादेखत त्यांची माफी मागितली. मला त्याचं एवढं काही वाटलं नाही, धंदा आहे. पण दादा म्हणाला, “तेका वर जावक होया होता तर सोडूक होया होतंस.” घरच्या माणसाने, सगळ्यांसमोर. आजतागायत तो त्यावरून हटलेला नाही आणि आता त्याला टॉम क्रूझ साक्षीला मिळाला.

म्हणून इथे नीट लिहितो. समुद्रसपाटीला हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच दर दहा मीटरला वाढत जातो. सात मीटरवर तो जवळजवळ पावणेदोन पट. तिथे सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा श्वास कोंडून वर आणली तर ती वर पावणेदोन पट फुगते. छाती फुगत नाही, मग फुफ्फुस फाटतं. याला शेकडो फूट लागत नाहीत, उथळ पाण्यातसुद्धा हे झालेलं आहे. आणि घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती श्वास कोंडण्याची. रेग्युलेटर थुंकलेल्या माणसाला सोडलं असतं तर चार-पाच सेकंदांत तो वर आला असता. कुठल्या अवस्थेत, ते मला मुलासमोर बघायचं नव्हतं. दादाच्या डोक्यात आहे ते वेगळं, खोलातून भरकन वर आल्यावर नायट्रोजनचे बुडबुडे रक्तात होण्याचं, ज्याला बेंड्स म्हणतात. त्याला खोली आणि वेळ दोन्ही लागतात, सात मीटरच्या पंधरा मिनिटांत त्याची भीती जवळपास नसते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादा त्या एक करतो आणि सिनेमासुद्धा बघणाऱ्याच्या मनात त्या एक करून ठेवतो.

एवढं मात्र खरं की सिनेमावाल्यांनी ही गोष्ट अगदीच सोडलेली नाही. वर बर्फावर दाब वाढवायचा तंबू तयार ठेवलेला असतो आणि त्याची साथीदार ग्रेस त्याला त्यात घालून जिवंत करते. म्हणजे ‘काय झाला तेका’ याचं उत्तर पडद्यावरच होतं, मेला होता तो जवळजवळ. दादा तेव्हा पॉपकॉर्न आणायला बाहेर गेला होता. आणखी एक, मी स्वतः तीस मीटरच्या खाली गेलेलो नाही आणि बर्फाच्या पाण्यात तर कधीच नाही, तेव्हा बेरिंग समुद्राबद्दल माझा शब्द शेवटचा समजू नका. सिनेमाही एकदाच बघितलाय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बघा. आधी सातवा बघा, नाहीतर किल्लीचा घोळ कळणार नाही. घरी बघणार असाल तर पहिला तास जेवताना चालेल. पाणबुडी आली की पंखा बंद करा, हेडफोन लावा आणि मित्राला शेजारी बसवा. आणि मालवणला डायव्हिंगला आलात तर मास्कमध्ये पाणी शिरल्यावर काय करायचं ते बोटीवरच दोनदा करून दाखवायला सांगा, संकोच करू नका.

बोटीवरची सूचना आमच्याकडे अजून दादाच देतो. “वर यायचं असेल तर अंगठा दाखवा, लगेच वर आणतील.” त्यातला ‘लगेच’ काढ म्हणून मी दोन वर्षं सांगतोय. अजून काढलेला नाही.