वीज शेजारच्या नारळावर पडली, मग बटण बंद असलेला अँप्लिफायर कसा बिघडला?

आपण विचारले आहे की, मे महिन्यात वळवाच्या पावसात घराशेजारच्या नारळावर वीज पडली, दिवे-पंखे-फ्रिज सुखरूप राहिले, पण बटण बंद करून ठेवलेला होम थिएटरचा रिसीव्हर (म्हणजे त्याचा अँप्लिफायर) आणि त्याला जोडलेला सबवूफर (जड, खालच्या सुरांचा स्पीकर) मात्र त्या रात्रीपासून सुरूच होत नाहीत. असे कसे झाले आणि पुढे काय करावे? सावंतवाडी परिसरात मी गेली अनेक वर्षे ध्वनियंत्रणा दुरुस्त करतो. एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात नेमके असेच संच माझ्याकडे येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आकाशातून जमिनीवर येणाऱ्या विजेचा प्रवाह साधारणपणे ३० हजार अँपिअरच्या घरात असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांतच शिखर गाठतो. नुकसानीचे मूळ या वेगात आहे. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच झपाट्याने बदलते आणि आसपासच्या लांब तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा दाब निर्माण करते. त्यासाठी विजेने तारेला स्पर्श करण्याची गरज नसते. शिवाय वीज ज्या जागी जमिनीत शिरते, तिथल्या मातीचाच विद्युतदाब त्या क्षणी वाढतो, त्यामुळे घराचे अर्थिंग आणि खांबावरून येणारा न्यूट्रल यांच्यातही मोठा फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. दाब किती वाढला यापेक्षा संचाला जोडलेल्या निरनिराळ्या तारांमध्ये त्या क्षणी किती फरक पडला, यावर नुकसान ठरते. खाडीतली होडी भरतीबरोबर वर उचलली जाते, तिला काही होत नाही. पण तीच होडी आखूड दोरीने धक्क्याला बांधलेली असेल, तर दोरी तरी तुटते किंवा कडी तरी उपटली जाते. पंख्याला एकाच ठिकाणाहून वायर येते आणि त्याच्या मोटरचे वाइंडिंग असा क्षणिक धक्का बहुधा सोसते. आपल्या रिसीव्हरला मात्र बोर्डावरून वीज येते, छतावरच्या डिशची केबल सेट टॉप बॉक्समार्गे येते, टीव्हीची एचडीएमआय केबल येते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सबवूफरकडे लांब केबल जाते. या सगळ्या दोऱ्या एकाच होडीला बांधलेल्या आहेत, आणि ज्या चिपमध्ये त्या एकत्र येतात ती जेमतेम पाच व्होल्टवर चालते.

बटण बंद असणे इथे कामास येत नाही. भिंतीवरचे बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. बटणाच्या आतली फटही काही मिलिमीटरचीच असते आणि हवा साधारण तीन हजार व्होल्टला एक मिलिमीटर या प्रमाणात फुटते. रिमोटने बंद केलेला संच तर स्टँडबायवर जागाच असतो.

गेल्या पावसाळ्याआधी उघडलेला एक सबवूफर मला आठवतो. त्याचा मेन फ्यूज शाबूत होता, पण सिग्नलच्या सॉकेटजवळची सर्किट बोर्डावरची तांब्याची रेघ अर्धा इंच नाहीशी झाली होती, तिच्या जागी काजळीचा पट्टा उरला होता आणि शेजारच्या आयसीच्या पाठीवर टाचणीएवढे भोक होते. तडाखा सिग्नलच्या केबलमधून आला होता. त्या मालकाने विजेच्या बाजूला महागडा स्टॅबिलायझर लावला होता, याचे मला फार वाईट वाटले. स्टॅबिलायझरचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) आणि डीबीतला, म्हणजे घराच्या वीजवाटपाच्या पेटीतला, एमसीबी हलायला काही मिलिसेकंद लागतात. सर्ज, म्हणजे दाबाचा हा क्षणिक धक्का, त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. ही उपकरणे आपापल्या कामासाठी उत्तम आहेत, पण हे त्यांचे काम नव्हे.

स्पाइक बस्टरमध्ये व्हॅरिस्टर नावाची चकती असते. ती जादा दाब ओळखून तो बाजूला वळवते, मात्र प्रत्येक धक्क्यागणिक झिजते. माझ्या स्वतःच्या घरी सहा वर्षे वापरलेल्या स्पाइक बस्टरचा लाल दिवा छान जळत होता आणि आतली चकती तडकून निकामी झालेली होती. म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून डीबीमध्येच टाइप २ प्रकारचा सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्यावा आणि त्याच्या जोडणीच्या तारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात, कारण सर्जच्या वेगापुढे मीटरभर तारसुद्धा हजारभर व्होल्टची भर घालू शकते. डिशच्या केबलचे आवरण घरात शिरतानाच घराच्या त्याच अर्थिंगला जोडावे. डिशसाठी वेगळा खड्डा खणून वेगळे अर्थिंग करणे ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. त्याने फरक कमी होण्याऐवजी वाढतो.

तरीही जवळ पडलेल्या विजेपुढे खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे प्लग काढणे, आणि त्याबरोबर डिशची व इंटरनेटची केबलही काढणे. नुसता प्लग काढून डिशची केबल तशीच ठेवली, तर एक दोरी सुटते, बाकीच्या राहतात. हे काम ढग जमायला लागताच करावे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते, ते मोबाइलमध्ये असू द्यावे. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र प्लगला किंवा केबलला हात लावू नये, कारण त्या क्षणी आपणच त्या वाटेवर उभे असतो. संच पुन्हा घेता येतो.

आपल्या संचांबाबत सांगायचे, तर ते परत परत सुरू करून पाहू नका. दुरुस्ती करणाऱ्याला सिरीज बल्ब (संचाकडे जाणाऱ्या वीजेच्या वाटेतच जोडलेला साधा बल्ब) लावूनच पहिली वीज द्यायला सांगा. बल्ब लख्ख पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. बऱ्याचदा रिसीव्हरचा स्टँडबाय पुरवठा किंवा एचडीएमआयचा भाग एवढेच गेलेले असते आणि बाकी संच वाचतो. स्पीकर सहसा सर्जने जळत नाहीत, ते जळतात नंतर, शॉर्ट झालेल्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून येणाऱ्या डीसीने (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेने). म्हणून दुरुस्त होऊन आलेला रिसीव्हर स्पीकरला जोडण्याआधी त्याच्या प्रत्येक स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी मोजून घ्या: काही मिलिव्होल्ट दिसले तर निर्धास्त जोडा, काही व्होल्ट दिसले तर तो तसाच परत पाठवा.